विंडोज सुरू झाले म्हणजे संगणक स्थिर झाला, असे नव्हे

‘जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका, बायोसमध्ये तीन आकडे बदला आणि दहा मिनिटांत दुप्पट वेग मिळवा’ या मथळ्याचा एक मजकूर ग्वाल्हेरमधल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. (बायोस म्हणजे मदरबोर्डवरचा, विंडोजच्याही आधी सुरू होणारा प्रोग्राम.) त्यात सहा गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. कोणताही जुना संगणक ओव्हरक्लॉक होतो, म्हणजे त्याचा प्रोसेसर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येतो. वेग दुप्पट होतो. कंपन्या प्रोसेसरचा खरा वेग मुद्दाम दाबून ठेवतात. व्होल्टेज बेधडक १.५ करावे, कारण इंटेलच्याच कागदपत्रात १.५२ लिहिले आहे. तापमान ९५ अंशांवर गेले तरी चिंता नको. आणि विंडोज सुरू झाले की संगणक स्थिर झाला असे समजावे, पुढे तो आपोआप रीस्टार्ट होऊ लागला तर दोष विंडोजचा, तेव्हा फॉरमॅट मारावे. लष्कर भागात राहणाऱ्या माझ्या ताईच्या घरी हा मजकूर पोहोचला, भाच्याने मेच्या पहिल्या आठवड्यात तो तंतोतंत अमलात आणला आणि ज्या संगणकावर ताई चार दुकानांचे हिशेब लिहिते, त्यावरची एप्रिल-मेच्या नोंदींची फाइल उघडेनाशी झाली.

शेवटचा मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो. विंडोज सुरू होताना प्रोसेसरवर पडणारा भार हलका आणि तुटक असतो. वेग वाढवलेला प्रोसेसर चुकतो तो बहुधा चारही कोअर (प्रोसेसरमधली गणिते करणारी केंद्रे) पूर्ण भाराखाली असताना किंवा भार एकाएकी चढला-उतरला की. विद्युत संकेत ठरलेल्या क्षणापर्यंत पोहोचत नाही आणि शून्याच्या जागी एक वाचला जातो. ही चूक विंडोजच्या स्वतःच्या कामात झाली तर निळा पडदा येतो, आणि निदान काहीतरी बिघडले आहे एवढे तरी कळते. तीच चूक हिशेबाच्या बेरजेत किंवा फाइल साठवताना झाली, तर काहीच दिसत नाही. घरगुती संगणकाच्या रॅममध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी सोय सहसा नसते, आणि विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था फाइलमधला मजकूर जसाच्या तसा राहिला आहे की नाही हे तपासत नाही. चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच डिस्कवर उतरतो आणि तेथून पेन ड्राइव्हवरच्या प्रतीतही जातो. ताई दर रविवारी प्रत काढते आणि शेवटच्या तीन प्रती ठेवते; तिन्ही प्रतींत बिघडलेलीच फाइल निघाली. मार्चअखेरची प्रत वर्षाच्या हिशेबासाठी वेगळी ठेवलेली होती, म्हणून तेवढी वाचली.

फॉरमॅटचा सल्ला तर या दुखण्यावर उलटा उपाय आहे. ज्या प्रोसेसरची गणिते चुकत आहेत, त्याच प्रोसेसरकडून विंडोजच्या हजारो फायली पुन्हा उलगडून घ्यायच्या, म्हणजे नव्या विंडोजमध्येही पहिल्या दिवसापासून बिघाड पेरायचा. भाच्याने दोनदा फॉरमॅट केले आणि दोन्ही वेळा चार-पाच दिवसांत संगणक पुन्हा रीस्टार्ट होऊ लागला.

हे माझे एकट्याचे मत आहे असे कोणाला वाटू नये. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील एडमंड नाइटिंगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांच्या नोंदी तपासून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळ वेगावर चालणाऱ्या प्रोसेसरांमध्ये, एका कंपनीच्या बाबतीत, दर ४०० संगणकांपैकी एक प्रोसेसरच्या दोषामुळे बंद पडला होता. त्याच कंपनीचे ओव्हरक्लॉक केलेले प्रोसेसर घेतले तर हे प्रमाण २१ मध्ये एक होते. दुसऱ्या कंपनीचे आकडे ३९० मध्ये एक आणि ८६ मध्ये एक असे होते. एकदा बंद पडलेला संगणक पुन्हा बंद पडण्याची शक्यता तर कितीतरी पटींनी वाढलेली दिसली. हे आकडेही केवळ संगणक बंद पडल्याचे आहेत. बंद न पडता गुपचूप चुकलेली गणिते त्यांत मोजलेलीच नाहीत.

स्थिरता तपासायची कशी, हे त्या मजकुरात एका ओळीनेही सांगितलेले नाही, म्हणून आम्ही काय केले ते सांगतो. निळ्या पडद्यावर ०एक्स१२४ हा क्रमांक दिसत होता. हार्डवेअरने स्वतःच दोष कळवला, असा त्याचा अर्थ होतो. ताईची डिस्क काढून बाजूला ठेवली, जुनी रिकामी डिस्क लावली आणि वाढवलेल्या वेगावर प्राइम९५ चालवले. हा प्रोग्राम मोठ्या मूळ संख्यांच्या शोधासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचा आहे. तो प्रोसेसरकडून प्रचंड गुणाकार करून घेतो आणि आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहतो. चार मिनिटांतच एका कोअरने ‘राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी’ अशी चूक दाखवली. त्यानंतर बायोस मूळ स्थितीवर आणले, मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवून रॅम निर्दोष असल्याची खात्री केली आणि मग मूळ वेगावर प्राइम९५ पुन्हा लावले. या वेळी एकही चूक आली नाही. वेग वाढवायचा असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी मूळ वेगावर सर्व ठीक आहे हे सिद्ध करायचे, मग एका वेळी एकच आकडा बदलायचा, नाहीतर दोष रॅमचा, एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) की प्रोसेसरचा हे कधीच कळत नाही.

आता व्होल्टेज. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांच्या माहितीपत्रकात १.५२ हा आकडा आहे, हे मला मान्य करावे लागते. पण तो ज्या कोष्टकात आहे, ते कोष्टक प्रोसेसर मदरबोर्डकडे किती ते किती व्होल्ट मागू शकतो याची व्याप्ती सांगते. रोज १.५ व्होल्टवर चालवा, अशी ती परवानगी नव्हे. भाच्याचा प्रोसेसर आय५-२५००के आहे. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, उष्णतेची मर्यादा ९५ वॅट. लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १.२ वरून १.५ केले तर १.५६ पट, आणि वेग ४.८ केला तर आणखी १.४५ पट, म्हणजे ९५ वॅटचे २१५ वॅटच्या आसपास होतात. प्रोसेसरबरोबर डब्यातून आलेला लहान पंखा ९५ वॅटसाठी बनवलेला आहे, आणि दहा वर्षांचा स्वस्त एसएमपीएस हा वाढीव भार सहन करील याची कोणीही हमी देऊ नये. शिवाय जास्त प्रवाह आणि जास्त उष्णता यांमुळे चिपमधल्या सूक्ष्म तारांतील धातूचे अणू हळूहळू सरकतात. आज ज्या व्होल्टेजवर चालते आहे, त्याच व्होल्टेजवर वर्षभराने चालेनासे होते ते त्यामुळे.

तापमानाचा मुद्दा लिहिणाऱ्याने ग्वाल्हेरचा उन्हाळा बहुधा पाहिलेला नाही. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या तापमानावर किती अंश चढतील हे ठरवतो. परदेशातल्या २२ अंशांच्या खोलीत ७५ अंश दाखवणारा संगणक खोलीपेक्षा ५३ अंश वर असतो. तोच संगणक मे महिन्यात, बाहेर लू चालत असताना, ४० अंशांच्या खोलीत ठेवला तर हिशेब ९३ वर जातो. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९८ अंश आहे, आणि तेथे पोहोचला की तो स्वतःच वेग उतरवतो, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातातून जाते. आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास आढळते. संगणक पाण्याच्या कूलरसमोर ठेवून कॅबिनेटची बाजू उघडी टाकली जाते. त्या दमट हवेबरोबर धूळ आत जाऊन हीटसिंकच्या पात्यांत चिकटून बसते. आम्ही तेथून अक्षरशः धुळीचा नमदा काढला.

उरलेले मुद्दे थोडक्यात. कोणताही संगणक ओव्हरक्लॉक होतो हे खोटे आहे. या पिढीत त्यासाठी नावापुढे ‘के’ असलेला प्रोसेसर आणि पी६७ किंवा झेड६८ चिपसेटचा मदरबोर्ड लागतो. आपल्याकडच्या असंख्य असेंबल्ड संगणकांत एच६१ चिपसेट आहे, त्यावर गुणक वाढत नाही; मूळ ठोक्याला या गुणकाने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो. मूळ १०० मेगाहर्ट्झचा ठोका वाढवावा, तर सॅटा (डिस्कची जोडणी) आणि पीसीआय एक्स्प्रेसही (ग्राफिक्स कार्ड वगैरेंची जोडणी) त्याच ठोक्यावर चालत असल्याने काही टक्क्यांतच सगळे कोलमडते. दुप्पट वेगही खोटा. ३.३ चे ४.८ म्हणजे फार तर ४५ टक्के, आणि एकाच कोअरचे काम असेल तर हा प्रोसेसर मुळातच ३.७ पर्यंत जातो. जुना संगणक रेंगाळतो तो बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कमुळे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला नुसत्या अर्ध्या फेऱ्यासाठी चार मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो; एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) बसवा, फरक डोळ्यांना दिसेल.

कंपन्या वेग राखून ठेवतात, यात मात्र अर्धे तथ्य आहे. १९९८ चा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए कित्येकांकडे ४५० वर निर्धोक चालत असे, आणि २५००के मध्येही बरीच शिल्लक असते. पण ती प्रत्येक चिपमध्ये वेगळी असते, आणि ती किती आहे हे तपासूनच कळते. आम्हीही शेवटी मोठा हीटसिंक आणि नवी थर्मल पेस्ट लावून ४.२ गिगाहर्ट्झ आणि १.२५ व्होल्टवर प्राइम९५ बारा तास चालवले. एकही चूक आली नाही, तापमान ७६ वर थांबले. भाच्याने तेवढा वेग ठेवला आहे. हिशेब मात्र ताई आता माझ्या संगणकावर लिहिते. दुकानांची बिले घेऊन ती नोंदी पुन्हा भरते आहे. एप्रिल पूर्ण झाला, मे अजून बाकी आहे.