सॅट बंद झाल्याचा मेसेज अर्धवट आहे

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, अमेरिकेतल्या बड्या कॉलेजांनी सॅट ही प्रवेशाची परीक्षा कायमची बंद केली म्हणून एन्ट्रन्स परीक्षांना आता काही अर्थ नाही. अर्धवट आहे ते. अमेरिकेतल्या एमआयटीनं कोविडमुळे २०२० मध्ये सॅटची अट काढली होती पण २०२२ मध्ये परत आणली. कारण त्यांच्याच साइटवर आहे, वाचून घ्या: सॅटवरून गणिताची तयारी कळते अन् ज्यांच्या शाळेत भारी कोर्सच नसतात अशी हुशार पोरंही सापडतात. हार्वर्डनंही २०२४ मध्ये अट परत जाहीर केली. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी स्कोअर पाहत नाही, तेवढं खरं.

आणि आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजला जेईई मेनची रँक लागतेच भाऊ, बारावीची अट वेगळी. पोरं आधीच टेन्शनमध्ये आहेत, तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथंच हे टाका.