देईल खाटल्यावरी

रात्रीचे दोन वाजून गेलेत, सकाळी ऑफिस आहे आणि तुम्ही वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळातल्या जंगलात एकामागून एक रानडुकरं लोळवताय. थांबा जरा. स्क्रीनच्या तळाशी ती एक्सपीची, म्हणजे अनुभवाच्या गुणांची, लांबडी पट्टी आहे ना, भरली की एक लेव्हल वर चढवणारी, तिचा रंग बघा. जांभळा? मग तुमची नुसती हमाली चाललीय. खानदानी खेळाडूची पट्टी निळी असते. निळ्या पट्टीवाला तेच डुक्कर मारतो, तेवढेच वार घालतो आणि त्याच्या खात्यात दुप्पट एक्सपी पडतो. कारण विचाराल तर एवढंच, की तो झोपून आलेला आहे.

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ असं आपल्याकडे आळशी माणसाला टोमणा मारायला म्हणतात. हा खेळ काढणाऱ्या अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीने २००४ साली त्याची रीतसर योजनाच काढली. तेव्हा शिकून घ्या. झोपायचंही शास्त्र असतं आणि ते तुम्हाला येत नाही.

आधी एक गल्लत काढून टाका: झोपायचं ते पात्राने, म्हणजे खेळातल्या तुमच्या माणसाने. तुमच्या झोपेला इथे काडीची किंमत नाही. पात्राला एखाद्या इनमध्ये, म्हणजे खेळातल्या सराईत, नाहीतर मोठ्या शहरात नेऊन उभं करायचं आणि लॉग आउट करायचं. आठ तासांनी एक बबल, म्हणजे पट्टीचा एक खण, जमा: लेव्हलचे ५ टक्के. असे २० बबल म्हणजे एक लेव्हल. जास्तीत जास्त ३० बबल साठतात, दीड लेव्हल, आणि त्याला लागतात बरोबर १० दिवस. अकराव्या दिवसाची झोप फुकट. सोसायटीची टाकी भरून वाहायला लागली की खालून कोणीतरी ‘अहो, मोटर बंद करा’ म्हणून ओरडतं. इथे कोणी ओरडत नाही, तुमचं तुम्हालाच लक्ष ठेवावं लागतं. आणि रानात झाडाखाली लॉग आउट केलंत तर झोपेला पाव भाव: त्याच ५ टक्क्यांना ३२ तास.

इनमध्ये वरच्या मजल्यावर खाटा असतात, चादर वगैरे घातलेल्या. नवखी मंडळी पात्राला जिना चढवून खाटेपर्यंत नेतात. काही गरज नाही. उंबरठ्याच्या आत पाऊल पडलं की चेहऱ्याच्या चित्राशेजारी ‘झेड झेड’ उमटतं आणि मीटर सुरू. स्टॉर्मविंडसारख्या राजधानीत तर इनसुद्धा लागत नाही, भर बाजारात उभ्या उभ्या झोपलं तरी हिशेबात धरतात. शिवाय इनमध्ये आणि शहरात लॉग आउट झटक्यात होतं. रानात २० सेकंद उलटी मोजणी चालते, आणि तेवढ्यात एखादा लांडगा येऊन चावला की पुन्हा पहिल्यापासून.

उपदेश करणाऱ्याने आधी स्वतःचं आचरण दाखवावं, म्हणून आज रात्रीचीच गोष्ट सांगतो. मी क्लासिक, म्हणजे या खेळाची जुनी आवृत्ती, खेळतो. पावणेदोनला डोळे मिटायला लागले तेव्हा माझा २७ लेव्हलचा वॉरियर डस्कवुडमध्ये, पार पश्चिमेच्या रेव्हन हिलच्या स्मशानात होता. इन आहे डार्कशायरला, म्हणजे पूर्वेच्या टोकाला. इनमध्ये थेट नेऊन सोडणारा हर्थस्टोन क्लासिकमध्ये तासातून एकदाच चालतो, आणि तो मी थोड्याच वेळापूर्वी वापरलेला. घोडा ४० लेव्हलशिवाय मिळत नाही. मग काय, चालायला लागलो. दोन्हीकडे काळी झाडी, लांडगे, कोळी, आणि सर्व्हर सातासमुद्रापलीकडे असल्यामुळे पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, असं की लांडगा चावल्यावर दिसायचा. तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली.

‘अजून जागा आहेस?’

‘झोपवतोय, आई.’

‘कोणाला?’

मी स्क्रीनकडे बोट केलं. अंधाऱ्या रस्त्यावरून चिलखत घातलेला एक आडदांड माणूस धापा टाकत पळत होता.

‘दमलाय बिचारा. मग निजू दे की तिथेच झाडाखाली.’

‘झाडाखाली पाव भाव मिळतो.’

आईने तांब्या भरून घेतला. आत जाता जाता म्हणाली, ‘तुझे बाबा तीस वर्षं लोकलमध्ये उभ्याने झोपले. त्यांना कोणी टक्के दिले नाहीत.’

असल्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायला शिका. घरच्यांना यातलं कळत नाही.

आता या योजनेचा जन्म कसा झाला ते ऐका, म्हणजे कंपनीबद्दलचा आदर वाढेल. खेळ बाजारात येण्याआधीच्या बीटा चाचणीत होता तेव्हा नियम उलटा होता. सुरुवातीला पूर्ण एक्सपी, आणि सलग खेळत राहिलात की पात्र थकणार, एक्सपी निम्म्यावर येणार. लोकांनी जरा उठावं, जेवावं, अंघोळ करावी, असा सद्हेतू. खेळाडूंनी आकांडतांडव केलं. आमच्या घामाचे निम्मे पैसे कापता म्हणजे काय? मग कंपनीने डोकं चालवलं. जे १०० टक्के होतं त्याला २०० म्हणायचं आणि नाव द्यायचं ‘आरामाचा बोनस’. जे ५० होतं त्याला १०० म्हणायचं आणि नाव द्यायचं ‘सामान्य’. गणित होतं तिथेच राहिलं, पाट्या बदलल्या. खेळाडू खूश! रॉब पार्डो हे तेव्हाचे मुख्य डिझायनर, त्यांनीच पुढे हा किस्सा जाहीरपणे सांगितला. खरी कमाल मला इथे वाटते. गुपित फोडलं तरी कोणी रागावलं नाही. मीसुद्धा नाही. डुक्कर पडलं की मजकुरात कंसात तो जादाचा आकडा येतो, तो बघून मला आजही मामाने खाऊला पैसे दिल्यासारखं वाटतं.

माझ्या एका जुन्या ऑफिसात हेच झालं होतं. पगाराचा एक तुकडा बाजूला काढून त्याला ‘व्हेरिएबल’ म्हणायला लागले आणि वर्षाअखेरी त्यातला बराचसा परत दिला. आम्ही पेढे वाटले.

नाव चुकीचं ठेवलं की काय होतं, तेही बघून ठेवा. चीनच्या सरकारने २००५ मध्ये ऑनलाइन खेळांसाठी व्यसनविरोधी नियम आणले: पहिले ३ तास पूर्ण मिळकत, ३ ते ५ तास निम्मी, त्यापुढे शून्य. घड्याळ पुन्हा शून्यावर यायला ५ तास बाहेर राहायचं. ‘निम्मे’ तेच की हो! पण त्यांनी त्याला सरळ ‘थकवा’ म्हटलं आणि पाच तासांपुढच्या खेळाला ‘अनारोग्यकारक’. कोणी दुवा दिला नाही. जपानी स्क्वेअर एनिक्स तरी शहाणी निघावी? २०१० साली त्यांचा फायनल फँटसी १४ हा ऑनलाइन खेळ आला तेव्हा त्यात आठवड्याला ८ तास पूर्ण एक्सपी आणि पुढच्या ७ तासांत तो घसरत घसरत शून्यावर, अशी व्यवस्था होती. ब्लिझार्डची शिकवणी सहा वर्षं आधी झालेली, तरी यांनी पाटी सरळच लावली. खेळात इतरही हजार दोष होते म्हणा. शेवटी बंद करून २०१३ मध्ये नव्याने आणावा लागला. आता त्यात गावात विसावलात की एक्सपीच्या पट्टीशेजारी चंद्रकोर उगवते, बाहेर पडल्यावर शिकारीला ५० टक्के जादा. पोटात काही ढकलून गेलात तर आणखी ३ टक्के. सगळे सुखी आहेत.

पुढचा धडा कुटुंबविस्ताराचा. एकच पात्र असेल तर ते झोपलेलं असताना तुम्ही करणार काय? झोपणार? म्हणून निदान पाच-सहा पात्रं पाळा. एक जण शिकारीवर, बाकीचे इनमध्ये. कामावरच्याची निळी पट्टी जांभळी झाली की त्याला झोपवायचं आणि ज्याची टाकी तोंडोतोंड भरलीय त्याला उठवायचं. मी यासाठी एक्सेलमध्ये तक्ता केलाय: पात्र, इन, झोपल्याची वेळ, भरण्याची तारीख. ऑफिसच्या शिफ्ट लावण्याचं काम माझ्याकडे आहे, तिथे मी इतका काटेकोर नसतो. अशा रीतीने कोणीही पात्र कधीही दमत नाही. दमतं ते तक्त्यात नसतं.

क्वेस्टच्या, म्हणजे खेळात सोपवलेल्या कामगिऱ्यांच्या, भानगडीत फार पडू नका. आरामाचा दुप्पट हिशेब लागतो तो राक्षस, डुकरं, कोल्हे मारण्याला. एखाद्या म्हातारीचं हरवलेलं पदक शोधून दिलंत, तर ठरलेलं असेल तेवढंच मिळणार, मग तुम्ही दहा दिवस झोपून आलेले असा नाहीतर नसा. परोपकाराला बोनस नाही.

वॉरक्राफ्टमध्ये पात्राची जात निवडताना पांडा बघा. २०१२ मध्ये आलेल्या या पँडारेन मंडळींचा आरामाचा बोनस जन्मतःच दुप्पट टिकतो. त्यात न्याय आहे; एवढा वेळ बांबूखाली बसून काढल्यावर काहीतरी पदरात पडायला हवं. हे सगळंच जास्त वाटत असेल तर ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला खेळ गाठा. तिथे २००३ पासून पात्राचं कौशल्य खऱ्या घड्याळावर शिकून होतं, तुम्ही लॉग इन असा वा नसा. मोठ्या जहाजांच्या विद्येला आठवडेच्या आठवडे लागतात. गिल्ड वॉर्स २ मध्ये तर प्रकार आणखी पुढचा: जो प्राणी बराच वेळ कोणी मारलेला नाही, त्याला मारलं तर जादा एक्सपी. म्हणजे आराम त्याने करायचा आणि बोनस तुम्ही घ्यायचा. या खेळावाल्यांनी कधीतरी एखाद्या सावकाराकडे उमेदवारी केली असावी, असा माझा संशय आहे.

कोणी विचारेल, तुम्ही न खेळल्याबद्दल कंपनी तुम्हाला का देते? अहो, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची फी महिन्याला १५ डॉलर. न खेळणारा गिऱ्हाईकही तेवढेच भरतो आणि सर्व्हरवर भार टाकत नाही. त्याने फक्त खाता-पिता आठवण काढत राहावं की तिकडे आपलं काहीतरी साठतंय, वाया जाईल. दहा दिवसांची मुदत त्यासाठीच. पोस्टातली ठेव अशीच आपल्याला आतून हाका मारते, फक्त पोस्टात पैसे आपण काढून घेतो.

क्लासिकमध्ये ६० लेव्हल झाली की पट्टी गायब होते. त्यानंतर पात्र कितीही झोपलं तरी त्याचा कोणाला उपयोग नाही. अशा वेळी खचून न जाता पहिल्या लेव्हलचं नवं पात्र काढायचं आणि त्याला गोल्डशायरच्या इनमध्ये नेऊन ठेवायचं. सुरुवातीच्या खेड्यापासून सरळ रस्ता आहे, चुकत नाही.

माझा वॉरियर दोन वाजून दहा मिनिटांनी डार्कशायरच्या इनमध्ये पोचला. दारातच लॉग आउट केलं. आता साडेतीन होत आलेत आणि मला काही झोप येत नाहीये, म्हणून तुमच्यासाठी हे लिहीत बसलो. तक्त्याप्रमाणे त्याचा पहिला बबल दहा वाजून दहा मिनिटांनी भरेल. दहाला मीटिंग आहे. कॅमेरा बंद ठेवू दिला तर बरं.