बाउंटीत कमाई करायचे खात्रीशीर मार्ग

पोकरच्या बाउंटी स्पर्धा फायद्याच्या असतात का, असं विचारणारे लोक मला कळतच नाहीत. असतातच! प्रत्येकाच्या डोक्यावर इनाम लावलेलं दिसतंय, मुंडकं मारलं, म्हणजे त्याला बाद केलं, की पैसे खात्यात. यात विचारायचं काय?

पहिलं म्हणजे हिशेब करू नका. समजा एन्ट्री 110 ची. 50 बक्षिसांच्या रकमेत, 50 तुमच्या डोक्यावर, 10 आयोजकांना (त्यांनाही पोट आहे). प्रोग्रेसिव्ह प्रकारात ताज्या (अजून कुणालाच बाद न केलेल्या) खेळाडूला उडवलंत की हातात 25 च पडतात. उरलेले 25 तुमच्याच डोक्यावर चढतात आणि पहिले आलात तरच तुमचे होतात. म्हणजे अशी चार मुंडकी मारून बक्षिसाविना बाहेर पडलात, तर 10 चा तोटाच. पण चार मुंडकी मारलीत की नाही! स्क्रीनशॉट काढा, ग्रुपवर टाका.

बाद झालात? लगेच पुन्हा एन्ट्री घ्या. तुमच्या डोक्यावर नवं इनाम लागतं, तेवढंच कुणाचं तरी भलं.

मिस्टरी बाउंटीत, म्हणजे इनाम किती ते मुंडकं मारल्यावरच कळतं त्या प्रकारात, तर डोकं लावूच नका. 2022 च्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरमध्ये 1,000 डॉलरच्या स्पर्धेत एका बाउंटीत 10 लाख डॉलर निघाले होते. पुढचं तुमचंच.

आता मुख्य मंत्र. बाउंटीसाठी कॉल करावाच लागतो (म्हणजे समोरच्याने लावलं तेवढं आपणही लावायचं), पत्ते कुठलेही असोत. परवा रात्री एका गुरुवर्यांनी मला ही दीक्षा दिली. माझ्या हातात दोन एक्के. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स) 500-1,000, माझ्याकडे 46,000 चिप्स, त्यांच्याकडे 31,000. मी रेझ करून बोली वाढवली, त्यांनी री-रेझ करून आणखी वाढवली, मी ऑल-इन, म्हणजे सगळ्याच चिप्स लावल्या. त्यांनी क्षणात कॉल केला. बदाम सत्ती आणि किलवर दुर्रीवर! एक्क्यांपुढे हे पत्ते 100 पैकी जेमतेम 12 वेळा जिंकतात. फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत) सत्ती आली, रिव्हरवर (शेवटच्या पत्त्यावर) दुर्री. आणि वर चॅटमध्ये हे: ‘सॉरी ब्रो, बाउंटी होती ना.’

कसली बाउंटी? अहो गुरुवर्य, माझ्याकडे तुमच्यापेक्षा 15,000 चिप्स जास्त होत्या! तुम्ही जिंकलात आणि मी उरलेल्या 15,000 घेऊन तिथेच बसलो होतो. मी बादच झालो नाही, तर इनाम कुठून मिळणार? तुमचं मुंडकं मला मिळू शकत होतं, माझं तुम्हाला नाही. त्या डावात इनाम फक्त माझ्यासाठी होतं हो!

ढिला कॉल करता येतो, मान्य. सुरुवातीला दोघांकडे 10,000 असतील, तर त्या 10,000 म्हणजे बक्षिसांतले तुमचे 50, आणि हातात येणारे 25 म्हणजे साधारण 5,000 चिप्स. ब्लाइंड हिशेबात धरू नका. अशा वेळी 50 टक्क्यांऐवजी 40 टक्के संधी असली तरी ऑल-इनला कॉल परवडतो. चाळीस. बारा नव्हे! आणि तेही समोरचा बाद होणार असेल तरच.

असले कॉल करणारे आहेत म्हणूनच या स्पर्धा माझ्यासारख्याला परवडतात, हे मला कळतं. म्हणून खरं तर गप्प बसणार होतो. पण तो ‘ब्रो’ घशाखाली उतरत नाही. फुकट शिकवतोय, ऐक. बाउंटी-बाउंटी करत नाचण्याआधी समोरच्याच्या चिप्स बघत जा रे. आकडा त्याच्या नावाखालीच लिहिलेला असतो.