समुद्र नसलेल्या सोलापुरातून जहाजांच्या धुराबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

मालवाहू जहाजांच्या धुरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की सोलापुरात समुद्र नाही, इथली हवा ट्रकांनी आणि धुळीने बिघडली आहे, जहाज हीच सगळ्यात स्वच्छ वाहतूक, आणि तिच्यावर टीका म्हणजे अक्कलकोट रोडच्या टॉवेलवाल्यांच्या पोटावर पाय.

धुळीचं म्हणणं मान्य. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत सोलापूर उगाच आलेलं नाही. टनामागे जहाज ट्रकपेक्षा खूप कमी कार्बन डायऑक्साइड सोडतं, हेही खरं. पण तेवढ्यावरून त्याला स्वच्छ म्हणता येत नाही, कारण फुप्फुसात जातं ते वेगळंच काही. एप्रिल २०२० पासून आपल्या ट्रकच्या बीएस-६ डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधक जास्तीत जास्त १० भाग. जहाजाच्या तेलात ते २०१९ अखेर ३.५ टक्क्यांपर्यंत चालायचं. १ जानेवारी २०२० पासून मर्यादा ०.५ टक्के, म्हणजे ५००० भाग. सुधारणा मोठी, तरीही ट्रकच्या पाचशे पट! स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारं यंत्र, बसवला की जुनं जास्त गंधकाचं तेलही चालतं, आणि उघड्या पद्धतीच्या स्क्रबरचं धुवण समुद्रातच सोडलं जातं.

धक्क्याला लागल्यावर मुख्य इंजिन थांबतं, जनरेटर थांबत नाहीत. दिवे, पंप, सगळं त्यांच्यावर. सांगोल्याच्या डाळिंबाचा रीफर (शीत) कंटेनर जहाजावर चढला की त्यालाही थंड ठेवणारी वीज त्यांचीच. तेलातलं गंधक जळून त्या धुरात येणारा सल्फर डायऑक्साइड हवेत सूक्ष्म कण बनतो, सोबत काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असतातच. माल आपला, तो न्हावा-शेवा बंदरातून निघतो, आणि तो धूर श्वासात घेतात शेजारच्या उरणचे लोक, गोदीतले कामगार. म्हणून सोलापुरात बसून मी यावर लिहितो.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. युरोपीय संघाच्या बंदरांत धक्क्यावर दोन तासांहून जास्त थांबणाऱ्या जहाजाला ०.१ टक्के गंधकाचं तेल २०१० पासून सक्तीचं आहे. बाल्टिक आणि उत्तर समुद्रात तीच मर्यादा २०१५ पासून, भूमध्य समुद्रात १ मे २०२५ पासून. म्हणजे तुमचा टॉवेल घेऊन गेलेलं जहाज रॉटरडॅमजवळ स्वच्छ तेलावर येतं, आणि आपल्या किनाऱ्याला गंधकाची अशी कडक मर्यादा असलेलं कुठलंही नियंत्रण क्षेत्र नसल्याने इथे त्याला तसं करावं लागत नाही. तिकडच्या माणसाची फुप्फुसं आणि उरणच्या माणसाची फुप्फुसं यांत फरक का?

नदीतून माल नेता येईल का, असंही तुम्ही विचारलंत. २०१६ च्या कायद्यातल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांत भीमा आहे. पण उन्हाळ्यातलं तिचं पात्र पाहता इथून माल जाईल असं मला वाटत नाही.

राहिला खर्च. स्वच्छ तेल महाग आहे, भाडं थोडं वाढेल. पण ते जाळायचं किनाऱ्याजवळ आणि बंदरात, अख्ख्या प्रवासात नाही. एका कंटेनरात हजारो टॉवेल बसतात; वाढ त्यांच्यावर वाटून तुम्हीच हिशोब करा. धक्क्यावरून जहाजाला वीज दिली तर तिथे जनरेटर चालवायचीही गरज उरत नाही. ही मागणी माझ्यापेक्षा निर्यातदारांनी केली तर बंदरवाले जास्त ऐकतील. पुढचा माल पाठवताना तुमच्या फॉरवर्डरला (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटला) विचारा, जहाज धक्क्यावर कोणतं तेल जाळतं आणि किनाऱ्यावरची वीज घेऊ शकतं का. काय कळलं ते इथे लिहा, मी लेखात जोडतो.