स्पीडस्टर रेप्लिकाच्या क्लचबद्दल माझ्याच पोस्टची दुरुस्ती

‘पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या रेप्लिकात १९१५ सीसीचं बीटल इंजिन घालताना मिळेल ती सर्वात कडक प्रेशर प्लेट बसवा, क्लच कधीच घसरणार नाही.’ हा मेसेज फिरतोय. (रेप्लिका म्हणजे जुन्या गाडीची हुबेहूब नक्कल, बीटल म्हणजे फोक्सवॅगनची, आणि प्रेशर प्लेट म्हणजे क्लचची डिस्क इंजिनाच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, दाबून धरणारी थाळी.) मूळ वाक्य माझंच आहे आणि ते चुकलं.

कडक प्लेटनं क्लच घसरत नाही, हे खरं. पण पेडल दाबलं की तो सगळा जोर क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, दुसऱ्या टोकाच्या पुलीकडे ढकलतो आणि भार येतो फ्लायव्हीलजवळच्या एकाच थ्रस्ट बेअरिंगवर (दांड्याचा लांबीच्या दिशेचा जोर झेलणारं बेअरिंग). क्रँकचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकायची मोकळीक, ०.०७ ते ०.१३ मिमी हवा. परवा इंजिन खाली उतरवून ती मोजायला डायल गेज लावला, काटा ०.३० वर! बेअरिंगची कड खाल्ली गेली होती. क्लच केबलच्या ताराही तुटायला आल्या होत्या.

रस्त्यावर चालवायच्या हलक्या फायबरग्लास गाडीला २०० मिमीचा क्लच, सुमारे १७०० पौंड दाबाची प्लेट आणि चांगली डिस्क पुरते. जुन्या ६ व्होल्टवाल्या इंजिनाचं १८० मिमीचं फ्लायव्हील मात्र वापरू नका. आणि १९१५ सीसीला लागणाऱ्या ९४ मिमीच्या सिलिंडरसाठी केस (इंजिनाचं मुख्य कवच) व हेड (सिलिंडरवरचं झाकण) दोन्ही मशिनवर बोअर करावे लागतात, हेही तेव्हा लिहायचं राहिलं. माझ्या मते पहिल्यांदा बांधणाऱ्यानं १७७६ सीसीच्या इंजिनावरच थांबावं.

ज्यांनी माझ्या भरवशावर खर्च केला त्यांची मनापासून माफी. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, जिथे पाठवला असेल तिथे हा टाका.