खुलासा : स्टेडियममुळे टोर्नेडो वळत नाही

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये एक दावा फिरतो आहे : 27 एप्रिल 2011 रोजी टस्कलूसा शहरातले अलाबामा विद्यापीठाचे ब्रायंट-डेनी स्टेडियम वाचले, कारण टोर्नेडो (चक्री वावटळ) अवाढव्य बांधकामांना टाळतो, म्हणून टोर्नेडोच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की स्टेडियम गाठा.

हे चूक आहे. तो ईएफ-4 (0 ते 5 या तीव्रता-श्रेणीतला चौथ्या पातळीचा) टोर्नेडो नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे गेला. विद्यापीठाच्या दक्षिणेकडून, पंधरावी स्ट्रीट आणि मॅकफार्लंड बुलेवार्ड ओलांडत. स्टेडियम त्या पट्ट्यात नव्हते, एवढेच. 14 मार्च 2008 रोजी अटलांटात भर शहरात जॉर्जिया डोम या बंदिस्त स्टेडियमलाच टोर्नेडोचा तडाखा बसला, तोही आत अलाबामा विद्यापीठाच्याच संघाचा बास्केटबॉल सामना चालू असताना.

वॉर्निंग (टोर्नेडो दिसल्याचा किंवा रडारवर आढळल्याचा इशारा) आल्यावर गाडी काढून स्टेडियमकडे निघणे सर्वांत घातक. तळघर, नाहीतर तळमजल्यावरची बिनखिडकीची आतली खोली गाठा. पायात बूट, डोक्याला हेल्मेट. घरातले जुने फुटबॉल हेल्मेट इथे खरोखर कामाला येते, कारण उडत्या ढिगाऱ्याने डोक्याला मार बसतो. मोबाइल होममध्ये (हलवता येणाऱ्या हलक्या घरात) मात्र थांबूच नका, वॉच (टोर्नेडोची शक्यता असल्याची पूर्वसूचना) लागताच भक्कम इमारतीत जा. ‘दाब समान होण्यासाठी’ खिडक्या उघडण्यात वेळ घालवू नका. पुलाखाली तर मुळीच नको, तिथे वारा आणखी जोर धरतो. सामन्यातच असाल तर गॅलरी सोडा आणि कर्मचारी सांगतील त्या आतल्या भागात जा.