टेन्शन सोडा, पण गोळी सोडू नका

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. सगळ्या आजारांचं मूळ टेन्शन, त्याने शरीरात ‘कॉर्टिसॉल नावाचं विष’ तयार होतं, त्यातून अल्सर होतो, केस एका रात्रीत पांढरे होतात. तेव्हा टेन्शन सोडा, बीपीची गोळी आपोआप सुटेल. खाली हात जोडलेले.

आधी ते ‘विष’. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल रोज बनवतात, आणि सर्वांत जास्त सकाळी, म्हणजे कुणावर चिडायची वेळही आलेली नसते तेव्हा. अ‍ॅडिसनच्या आजारात ते पुरेसं बनत नाही. मग रक्तदाब कोसळतो, उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. त्या रुग्णांना हेच ‘विष’ रोज गोळीतून घ्यावं लागतं. दीर्घकाळ जास्त राहिलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, तेवढं मान्य.

अल्सरचं माझ्या घरातच घडलंय. पोटदुखीवर मामाला कित्येक वर्षं ‘तुम्ही फार विचार करता’ एवढंच ऐकावं लागलं. मामी मसाल्याला बोल लावायची. शेवटी एंडोस्कोपी झाली, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला आणि 14 दिवसांच्या अँटिबायोटिक्सनी काम झालं. या जंतूवर कोणी विश्वास ठेवेना, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतःच पिऊन पाहिला. काही दिवसांतच जठराला सूज आली. 2005 मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे गुडघेदुखीसाठी मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. ताणाचा वाटा शून्य, असं मी म्हणत नाही. जंतू असूनही बहुतेकांना अल्सर होत नाही, त्यामुळे इतर गोष्टींनाही जागा आहे. पण शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर ध्यानाला बसू नका, दवाखाना गाठा.

केसांचं थोडक्यात. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो रातोरात रंग बदलणार कसा? केस गळण्याशी मात्र ताणाचा संबंध आहे. टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने गळतात, तो शरीरावर पडलेला ताणच.

राहिली बीपीची गोळी. ताणाने रक्तदाब तात्पुरता चढतो, हे खरं. जपानी डॉक्टरांनी 1990 च्या सुमारास ‘टाकोत्सुबो’ नावाचा हृदयविकार नोंदवला. त्यात जबर धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा फुगतो. म्हणजे ताणाला मी हलकं लेखत नाही. पण कायमच्या उच्च रक्तदाबामागे वय, आनुवंशिकता, मीठ, वजन असं बरंच काही असतं, आणि शांत स्वभावाच्या माणसालाही तो होतो. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब उसळी मारतो. चालणं, झोप, कमी मीठ यांनी डोस उतरू शकतो, पण तो डॉक्टरांनी मोजून उतरवायचा.

तो मेसेज ग्रुपवर टाकला होता मामानेच. गोळी चालू आहे ना, हे मी फोन करून विचारलं. चालू आहे.